मुंजीच्या कॅसेटवरची गाणी गेली आणि आजी बोलायला लागली

कृष्णाकाठची

गेल्या रविवारी आमच्याकडे जे घडलं ते अजून मनातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

दादाची मुंज मे १९९३ मध्ये वाईला, गणपती घाटाजवळच्या आमच्या जुन्या वाड्यात झाली. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे व्हिडिओ शूटिंग होतंच. एक शूटिंगवाला, हॅलोजन धरून त्याच्या मागे मागे फिरणारा एक मुलगा आणि त्या उजेडात घामाघूम झालेले गुरुजी. पंधरा दिवसांनी मिक्सिंग होऊन कॅसेट घरी आली. मिक्सिंग म्हणजे काय हे त्या काळातल्यांना सांगायला नको. कमळातून वर येणारा बटूचा फोटो, गरगर फिरणाऱ्या चौकटी आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमातली गाणी. मंगलाष्टकांचं एक कडवं तेवढं खरं ठेवलं होतं. बाकी सगळी माणसं नुसती तोंडं हलवताहेत आणि वर गाणं चाललंय.

सुट्टीत आत्याची मुलं आली की पहिली मागणी त्या कॅसेटची. कुठल्या गाण्यावर कोण पंगतीत वाढतंय हे आम्हाला पाठ होतं. पुढे व्हीसीआर बिघडला, कॅसेट माळ्यावर गेली ती गेलीच.

यंदा नवऱ्याच्या मित्राकडून एक जुना व्हीसीआर मिळाला. चांगल्यातला, मागे डाव्या-उजव्या आवाजाच्या वेगळ्या पिना असलेला. रविवारी आई, मी, माझी अकरा वर्षांची लेक आणि बंगळूरहून व्हिडिओ कॉलवर दादा असे जमलो. कॅसेट घातली. खालच्या कडेला थोड्या रेघा, पण चित्र आलं. गाणं मात्र नाही. मला वाटलं, आवाज गेला कॅसेटचा. तेवढ्यात भांडं पडल्याचा खणकन आवाज आला आणि कुणीतरी ओरडलं, "अगं पाट कुठे ठेवलेत?" आई म्हणाली, "ही तुझी मोठी काकू."

सगळे खरे आवाज होते. वाड्यातल्या रहाटाची करकर, अष्टवर्गातल्या मुलांची भांडणं, बाबांचा खाकरा. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली.

मग मातृभोजन आलं. आई दादाला भरवतेय, मागे आजी उभी. हा प्रसंग आम्ही शंभरदा पाहिलाय. आजीचा चेहरा कडक, कपाळाला आठ्या, एक हात वर आणि दुसऱ्या हाताचं बोट थेट आईकडे. आई तीस वर्षं धरून चालली होती की ताट मांडण्यात तिचं काहीतरी चुकलं आणि सासूबाई चारचौघांत तिला बोलल्या. गडबडीत तिला स्वतःला काही ऐकू आलं नव्हतं आणि विचारायची काही तेव्हा पद्धत नव्हती. आजी १९९८ मध्ये गेली.

रविवारी ती काय म्हणत होती ते ऐकू आलं. ती शूटिंगवाल्याला म्हणत होती, "अहो, मला कशाला घेताय? तिला घ्या की. पहाटे चारपासून उभी आहे ती. तिचं तोंड दिसू दे मुलाच्या मुंजीत."

वर केलेला हात हॅलोजन डोळ्यांवर येत होता म्हणून होता.

आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मागे घे जरा." चार वेळा मागे घेतलं. दादा तिकडून बघत होता, त्यालाही बोलवेना. माझी लेक तिच्या आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या मांडीला टेकून बसून राहिली.

माझे दोन प्रश्न आहेत. गाणी गेली कुठे आणि इतकी वर्षं हे आवाज होते कुठे? आणि तुमच्या घरच्या कॅसेटी कुणी अशा पुन्हा पाहिल्यात का? काय दिसलं?

टेपरेकॉर्डर

ताई, वाचून थांबलो थोडा वेळ. कोल्हापुरात पंचवीस वर्षं टीव्ही-व्हीसीआर दुरुस्ती केली आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो.

व्हीएचएसच्या पट्टीवर आवाज दोन ठिकाणी असू शकतो. एक पट्टीच्या कडेला, अगदी अरुंद जागेत. तो एका जागी बसवलेलं हेड वाचतं. साध्या व्हीसीआरला एवढाच आवाज वाचता येतो. दुसरा हाय-फाय आवाज. तो चित्रासोबतच फिरत्या ड्रमवरची हेडं लिहितात आणि तो चित्राच्या खालच्या थरात बसतो. चित्र पुसल्याशिवाय तो आवाज पुसता येत नाही.

तुमच्या मिक्सिंगवाल्याने आधी शूटिंगचे तुकडे हाय-फाय मशीनवर जोडले असणार, मूळ आवाजासकट. मग 'ऑडिओ डब'चं बटण दाबून वरून गाणी भरली. त्या बटणाने फक्त कडेचा आवाज बदलतो. खालचा तसाच राहतो. तुमच्या घरचा जुना व्हीसीआर साधा होता, म्हणून जन्मभर गाणी ऐकलीत. आताचा हाय-फाय आहे, तो आपणहून खालचा आवाज उचलतो. आजी पहिल्या दिवसापासून त्या कॅसेटमध्ये बोलतच होत्या, बघा.

रिमोटवर 'ऑडिओ' असं बटण असेल. त्याने दोन्ही आवाज आलटून पालटून ऐकता येतील. कॉम्प्युटरवर घेताना दोन्ही घ्या, एकदा हा, एकदा तो. गाणीसुद्धा ठेवा, तुमचं बालपण त्या गाण्यांतही आहे.

गारवा

सकाळी बसमध्ये वाचलं. दोन स्टॉप पुढे गेले. माझ्या सासूबाईंना फोन केला मग.

कृष्णाकाठची

टेपरेकॉर्डरदादा, बटण सापडलं! दाबल्यावर गाणं सुरू झालं, पुन्हा दाबलं की आजी. आई म्हणाली, गाणं नको आता.

एक सांगायचं राहिलं. मुंज संपल्यावर कॅसेट बरीच उरली होती, त्यावर बाबांनी टीव्हीवरून मोगलीचा एक भाग टेप केला होता. दूरदर्शनवर १९९३ मध्ये हिंदीत लागायचा तोच, रविवारचा. त्याचा आवाज मात्र नेहमीसारखाच आला, असं कसं?

लेकीला मूळ मालिका जपानी आहे हे ठाऊक होतं, मला नव्हतं. पण शेरखानचा आवाज ऐकून तिने विचारलं, "हा आवाज कुठेतरी ऐकलाय." नाना पाटेकर, म्हटलं. मग तिने पूर्ण भाग डोळे न हलवता पाहिला.

टेपरेकॉर्डर

बाबांनी घरच्या साध्या मशीनवर टेप केला, त्यामुळे तिथे हाय-फाय आवाज लिहिलाच गेला नाही. खालचा आवाज सापडला नाही की मशीन आपोआप कडेचा वाचतं. म्हणून फरक कळला नाही.

वाशिष्ठीकाठ

आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर छातीच्या वर पाणी होतं. फ्रिज, गाद्या, धान्य, सगळं गेलं, त्याचं एवढं काही वाटलं नाही. पण खालच्या कपाटात अकरा कॅसेटी होत्या. बहिणीचं लग्न, माझ्या मुलाचं बारसं, गणपती. पाणी उतरल्यावर त्या चिखलाच्या विटा झाल्या होत्या.

बायको म्हणाली, टाकू नका. पुण्यातल्या एका ओळखीच्या माणसाने फोनवर सांगितलं तसं केलं, ते इथे लिहितो, कुणाला उपयोग होईल. ओली कॅसेट चुकूनही मशीनमध्ये घालायची नाही. उन्हात ठेवायची नाही, हेअर ड्रायर मारायचा नाही. चिखल वाळू द्यायचा नाही, वाळला की पट्टीला घट्ट धरतो. कव्हरचे पाच स्क्रू काढून दोन्ही रिळं बाहेर काढली, गार स्वच्छ पाण्यात धुतली, शेवटी डिस्टिल्ड वॉटरमध्ये, आणि पंख्याखाली सावलीत वाळवली. आठवडाभर घरात त्याच दोऱ्या. मग ती रिळं दुसऱ्या कोऱ्या कॅसेटच्या कव्हरमध्ये बसवली.

अकरातल्या सात वाचल्या. बहिणीच्या लग्नाची वाचली नाही. बारशाची वाचली. त्यात कान टोचायच्या आधी मुलगा ज्या पद्धतीने माझ्या वडिलांची मिशी धरून बसलाय, ते आम्ही मोठं करून भिंतीवर लावलंय. पूर आला तेव्हा तो मुलगा एकोणीस वर्षांचा होता, तोच वरच्या मजल्यावर शेजारच्या आजींना घेऊन बसला होता.

शिळी पोळी

धागा आवडला, पण एक वेगळं मत मांडते. जुनं सगळंच पुन्हा बघावं असं नाही. मी हौसेने मुलाला शक्तिमान दाखवायला बसवलं. १९९७ ला सुरू झालं तेव्हा मी चौथीत, त्या वेळेला आमच्या चाळीत शुकशुकाट असायचा. मुलगा दहा मिनिटांनी उठला. मला खरंच लागलं ते. माझी आठवण त्याला आवडावी असा हट्ट मी का धरला, यावर बरेच दिवस विचार केला.

नंतर घरात सहज झपाटलेला लागला होता, तर तोच मुलगा खिळून बसला. तात्या विंचूने अशी काही भीती घातली की रात्री माझ्या कुशीत येऊन झोपला. माझे वडील शेजारी बसून बघत होते, ते म्हणाले, "हाच आमचा चिमणराव." दिलीप प्रभावळकर. मुंबई दूरदर्शनवर बाबांनी त्यांना चिमणराव म्हणून पाहिलेलं, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चिं. वि. जोशींची पुस्तकंही बाबांकडे आहेत. नातवाला त्यांनी दुसऱ्या दिवशी त्यातली एक गोष्ट वाचून दाखवली आणि त्याने ती ऐकली. दाखवायला बसवलं तर उठतो, आपण आपलं बघत बसलो तर येऊन टेकतो, असा माझा अनुभव.

इंदूरचा नातू

शिळी पोळीताई, पटलं. आमच्याकडे उलट झालं. आम्ही चार पिढ्या इंदूरचे. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने रामायण पुन्हा दाखवायला सुरुवात केली, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. लॉकडाऊनमुळे सगळे घरातच. आजी तेव्हा ८४ वर्षांची. १९८७ मध्ये रविवारी साडेनऊला आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता, तोही आमच्याकडे, आणि आजी येणाऱ्या प्रत्येकाला पाणी देत असायची. म्हणजे तिने ते पूर्ण कधी पाहिलंच नव्हतं. आवाज ऐकला होता, तोही स्वयंपाकघरातून.

२०२० मध्ये तिने पहिल्यांदा बसून पाहिलं. खुर्ची पुढे ओढून, चष्मा पुसून. मला म्हणाली, "ह्याचं तोंड असं आहे होय! मला आवाज पाठ होता रे." तुमच्या आजींची गोष्ट वाचून हे आठवलं. तिथे तोंड होतं आणि आवाज नव्हता, आमच्याकडे आवाज होता आणि तोंड नव्हतं.

कृष्णाकाठची

इंदूरचा नातू, हे आत्ता आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आमच्याकडेही असंच. महाभारताच्या वेळी ती पोळ्या करत असायची.

पिठलं

माझ्या बहिणीच्या बारशाची कॅसेट. वडिलांना ९ मार्च १९९६ चा बंगळूरचा भारत-पाकिस्तान सामना टेप करायचा होता. घरात कोरी कॅसेट नव्हती. व्हीएचएसच्या पाठीवर एक छोटी प्लास्टिकची पट्टी असते, ती तोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही टेप होत नाही. बारशाची ती तोडलेली होती. वडिलांनी चुकून दुसरीच समजून त्या भोकावर सेलोटेप लावला आणि सामना टेप केला.

आई त्यानंतर कितीतरी दिवस वडिलांशी धड बोलली नाही. बहिणीला मोठी झाल्यावर कळलं, तीही दुखावली. ती कॅसेट घरात कुणी पुन्हा लावलीच नाही.

गेल्या वर्षी वडील गेले. त्यांच्या कपाटात ती होती. आम्ही दोघांनी ती एका दुकानातून उतरवून घेतली, का ते सांगता येणार नाही, त्यांचं अक्षर होतं वर म्हणून असेल. सामना होता, सोहेलचा दांडा उडाला तेही होतं. सामना संपला, चार-पाच सेकंद मुंग्या आल्या, आणि मग अचानक पाळणा. बारशाची शेवटची बारा मिनिटं शिल्लक होती. सामना जिथे संपला त्याच्या पुढची. नेमकं नाव ठेवण्यापासून. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" चाललंय, आत्या वाकून बहिणीच्या कानात कुर्रर्र करतेय, आणि पाठीवर धपाधप धपाटे. शेवटी वडील बहिणीला उचलून घेतात आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून खिडकीशी नेतात, तिला बाहेरचं काहीतरी दाखवतात. तिथे संपतं.

बहिणीने फोनवर तेवढा तुकडा ठेवलाय.

न्यूजर्सीकर

आमचं प्रकरण अंतराचं. माझा मुलगा १९९१ मध्ये इथे जन्मला. सांगलीला आई-वडिलांना दाखवायला त्याची दोन तासांची कॅसेट पाठवली, ओळखीच्या कुणाच्या तरी सामानातून. इथली टीव्हीची पद्धत एनटीएससी, ५२५ रेघांची, सेकंदाला तीस चित्रं. तिकडे पाल, ६२५ रेघा, पंचवीस चित्रं. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. आईने शेजारच्या बायकांना बोलावलं, चहा केला, कॅसेट लावली, तर काळं-पांढरं चित्र वरून खाली पळतंय. आईने मला हे फोनवर सांगितलं नाही. "छान दिसतोय गं," एवढंच म्हणाली. खरी गोष्ट मला वहिनीकडून दहा वर्षांनी कळली.

ती कॅसेट मी २०२३ मध्ये उतरवून सांगलीला नेली. आई ८८ वर्षांची होती. मुलगाही बरोबर होता, बत्तीस वर्षांचा. पडद्यावर तो रांगतोय आणि शेजारी बसून आई त्याच्या केसांतून हात फिरवतेय. तिने तीनदा विचारलं, "हे तेव्हाचंच ना, जे दिसलं नव्हतं?"

मौनरेघ

सगळं वाचलं. आमच्याकडे धाकट्या भावाच्या वाढदिवसाची कॅसेट आहे. तो २००९ मध्ये गेला. आईला ती बघायची नाही, बाबांना रोज बघायची आहे. आम्ही ती अजून लावलेली नाही. कुणी अशा प्रसंगातून गेलं असेल तर सांगा.

वाशिष्ठीकाठ

मौनरेघ, आमच्या घरीही एक असंच आहे. घाई करू नका. पण कॅसेट उतरवून मात्र आत्ताच घ्या, ती थांबणार नाही. फाइल करून ठेवा. बाबांना त्यांच्या फोनवर द्या, त्यांच्या वेळेला बघतील. आईंना सांगा की ठेवली आहे, एवढंच. एकत्र बसायलाच हवं असं काही नाही.

टेपरेकॉर्डर

वाशिष्ठीकाठ यांनी मनातलं लिहिलं. थोडं तांत्रिक सांगतो, कारण बऱ्याच जणांनी खाजगीत विचारलंय.

कॅसेट आधी उजेडात धरून खिडकीतून रिळाकडे बघा. पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. कोकणात, मुंबईत फार. ती तशीच लावली तर हेडं माखतात आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. ती साफ करणाऱ्याकडेच द्या. बुरशी नसेल तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, वर्षानुवर्षं पडून थर चिकटलेले असतात. कॉम्प्युटरवर घेताना आपल्या पाल कॅसेटी ७२० बाय ५७६ मध्ये, पंचवीस चित्रांवर घ्या. मिनी-डीव्हीच्या, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटी असतील तर त्या फायरवायर केबलने कॅमेरा कॉम्प्युटरला जोडून घ्या, त्यात मूळ आकडेच उतरतात, दर्जा अजिबात जात नाही, तासाला साधारण १३ जीबी लागतात. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ मध्ये बनवणं थांबवलं, म्हणजे आता जी मशीनं आहेत तेवढीच आहेत. दर वर्षी कमीच होणार.

आणि उतरवून झालं म्हणून कॅसेट टाकू नका. ताईंच्या कॅसेटचंच घ्या, दहा वर्षांपूर्वी साध्या मशीनवरून उतरवून फेकून दिली असती तर?

गारवा

एक विनंती माझीही. उतरवलेलं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी त्यात दिसणाऱ्यांना विचारा. माझ्या मावशीच्या पहिल्या लग्नाची कॅसेट कुणीतरी हौसेने यूट्यूबवर चढवली. तिच्या दुसऱ्या संसारातल्या मुलांनी ती तिथे पाहिली. हेतू वाईट नव्हता कुणाचा. तिला मात्र फार त्रास झाला.

कृष्णाकाठची

गारवा, बरं झालं सांगितलंत. आमच्या मुंजीतही एक काकू आहेत ज्या आता घरात नाहीत. त्यांना फोन करून विचारते आधी. त्यांचाही आवाज आहे त्यात, कदाचित त्यांना हवा असेल.

काल रात्रीचं सांगते. दादा बंगळूरहून आलाय. त्याला मातृभोजन पुन्हा बघायचं होतं, आईशेजारी बसून. आजीचं वाक्य येऊन गेल्यावर शूटिंगवाला खरोखर कॅमेरा वळवतो. हे आम्ही आधी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. गाण्याच्या तालावर चित्र बदललं असं वाटायचं. आजी "तिला घ्या" म्हणते आणि कॅमेरा हलत हलत आईवर येतो, जवळ जातो. आईच्या नाकावर घाम, नथ थोडी सरकलेली, हातात वरणभाताचा घास. त्या अख्ख्या कॅसेटमध्ये आईचा चेहरा पूर्ण दिसतो तो तेवढ्याच वीस सेकंदांत.

दादा म्हणाला, "हे आजीने काढून घेतलंय."

आईने आज सकाळीच माळ्यावरून मावशीच्या लग्नाची कॅसेट काढून टीव्हीजवळ ठेवली आहे. मागच्या भोकावर सेलोटेप आहे. पिठलं यांचं वाचल्यापासून भीतीच बसली, तो आधी काढते.